‘दोनशे मेल पाठवा’ या सल्ल्याची उलटतपासणी

गेल्या महिन्यात धुळ्याहून एका ज्युनिअरचा फोन आला. एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे. आवाजात आनंद होता आणि धाकधूकही. जर्मनीतल्या एका लॅबने तिला तीन महिन्यांसाठी यायला ‘हो’ म्हटलं होतं. मेलमधली शेवटची ओळ तिने वाचून दाखवली: आम्ही कुठलंही मानधन देऊ शकत नाही, प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च विद्यार्थ्याने स्वतः करावा. "दादा, पप्पा म्हणतात कापसाचे पैसे आलेत, थोडं सोनं ठेवू, पण तू जा. जाऊ का?"

मी तिच्याकडून दोन दिवस मागून घेतले. विचार तिच्या मेलचा करायचा होताच, पण त्याआधी ज्या सल्ल्याने ती इथवर आली, त्या सल्ल्याचाही करायचा होता. कारण तोच सल्ला मीही एकेकाळी पाळला होता. आणि मागच्या पोस्टनंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनीही तेच विचारलंय: "प्रोफेसरला मेल कसा लिहायचा? एखादा नमुना असेल तर पाठवा."

नमुना मी पाठवणार नाही. का नाही, ते आज सांगतो.

परदेशातली इंटर्नशिप कशी मिळवावी, हे सांगणाऱ्या मजकुराचा आता एक वेगळा प्रकारच झाला आहे. व्हिडिओ, पीडीएफ, टेलिग्रामचे ग्रुप, ज्यांना मिळाली त्यांच्या मुलाखती. सांगणारे बदलतात, सल्ला मात्र तोच राहतो. सीव्ही एका पानाचा करा, प्रोफेसरांची यादी काढा, एक मेल तयार ठेवा, वरचं नाव बदलत दोनशे जणांना पाठवा, दोन-तीन उत्तरं येतातच. एखाद्या पुस्तकाचं परीक्षण करतात तसं आज या सल्ल्याचं करू. तो कुणी लिहिलाय, कुणासाठी लिहिलाय, आणि जळगाव-धुळ्याच्या कॉलेजात बसून वाचला तर त्यातलं हाती काय लागतं, हे पाहू.

आधी माझाच मेल

एम.एस्सी.ला असताना मी नव्वद मेल पाठवले होते. दोन उत्तरं आली. एक आपोआप आलेलं होतं: मी रजेवर आहे. दुसरं दोन ओळींचं होतं: सध्या जागा नाही, शुभेच्छा. तेव्हा मला वाटलं की नव्वद कमी पडले, दोनशे हवे होते. आता तो मेल उघडून वाचला तर वेगळंच दिसतं. मूळ इंग्रजीत होता, मराठीत साधारण असा होतो:

"आदरणीय प्रोफेसर, आपल्या संशोधनाने मी अत्यंत प्रभावित झालो आहे. वनस्पतींच्या विषाणूंमध्ये मला तीव्र रुची आहे. मी मेहनती असून शिकण्यास उत्सुक आहे. आपल्या नामांकित प्रयोगशाळेत संधी मिळाल्यास मी ऋणी राहीन. सोबत सीव्ही जोडला आहे."

पाच वाक्यं. पहिल्या वाक्यात ‘आपलं संशोधन’ म्हणजे नेमकं कुठलं, ते नाही. दुसऱ्यात रुची आहे, पण त्या रुचीपायी मी काय केलं, ते नाही. तिसरं वाक्य जगातला प्रत्येक विद्यार्थी स्वतःबद्दल लिहितो. चौथ्यात मला काय मिळेल ते आहे, लॅबला काय मिळेल ते नाही. मला कोणत्या महिन्यात यायचंय, किती दिवस, पैसे कुठून येणार, यातलं एकही उत्तर नाही. मेल मिळालेल्या माणसाने ‘हो’ म्हणायचं ठरवलं असतं, तरी नेमकं कशाला हो म्हणायचं, हेच त्याला कळलं नसतं.

आणि मुख्य दोष हा की या मेलमधून प्रोफेसरचं नाव काढून दुसरं घातलं तरी काहीच बिघडत नाही. मी तेच तर नव्वद वेळा केलं होतं! जो मेल कुणालाही चालतो, तो वाचणाऱ्याला कळतंच की हा आपल्यासाठी लिहिलेला नाही.

मग इतरांना तो कसा लागू पडतो?

हा प्रश्न संशोधनाच्या पद्धतीचाच आहे. सल्ला देणारे खोटं बोलत नाहीत. त्यांनी खरंच दोनशे मेल पाठवले आणि खरंच त्यांना जागा मिळाली. पण तेवढ्यावरून ‘मेलची संख्या’ हे कारण ठरत नाही.

पहिली अडचण नमुन्याची. ज्यांचे दोनशे मेल वाया गेले, ते व्हिडिओ बनवत नाहीत. आपण ऐकतो ते फक्त पोहोचलेल्यांचं. गावातल्या बोअरवेलचा अभ्यास करायचा आणि फक्त पाणी लागलेल्या बोअरवेल मोजायच्या, तसं हे आहे. खान्देशात कोरड्या गेलेल्या बोअरवेलचा खर्च कुणाच्या डोक्यावर बसतो, ते वेगळं सांगायला नको.

दुसरी अडचण लपलेल्या कारणाची. आयआयटी किंवा आयसरचा विद्यार्थी तोच पाच वाक्यांचा मेल पाठवतो, तेव्हा खाली सहीत संस्थेचं नाव असतं. मेलमध्ये जे लिहिलेलं नाही, ते त्या नावातून कळतं. या मुलाच्या गुणांचा अर्थ काय, याने लॅबमध्ये काय हाताळलं असेल, याच्या आधी तिथून कुणी आलं होतं का. अनेकदा त्याचा गाईड त्या प्रोफेसरला एखाद्या परिषदेत भेटलेलाही असतो. म्हणजे काम नावाने केलं, श्रेय मेलला गेलं.

आपल्या सहीत काय असतं? कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न एखादं महाविद्यालय. विद्यापीठ १९९० सालचं, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांचं. नाव मोठ्या अभिमानाचं आहे, पण हायडेलबर्गच्या प्रोफेसरला त्यातून काही कळत नाही. यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही. फक्त हिशेब लक्षात ठेवायचा. त्यांच्या मेलमध्ये जे संस्थेचं नाव सांगतं, ते आपल्या मेलमध्ये आपल्याला स्वतः सांगावं लागतं. म्हणून त्यांचा नमुना आपल्या उपयोगाचा नाही. उलट आपला मेल त्यांच्यापेक्षा जास्त नेमका असावा लागतो.

भिंत कुठली, दार कुठलं

या सल्ल्यातली दुसरी उणीव अशी की तो योजनांची यादी देतो, पण त्या कुणासाठी आहेत ते सांगत नाही. "ह्या दहा इंटर्नशिप नक्की भरा!" असं म्हणून मोकळा होतो. त्यातल्या कित्येक आपल्यासाठी मुळात बंद असतात, आणि आपण अर्ज भरून निराश होतो.

काही उदाहरणं घेऊ. जर्मनीच्या डाड संस्थेची वाइज ही योजना खूप ऐकली असेल. तिच्यात पात्र संस्थांची यादी राहिली आहे, आणि ती आयआयटी, एनआयटी, आयसर अशा निवडक संस्थांभोवती फिरते. आपलं कॉलेज यादीत नसेल तर ९.५ सीजीपीए असूनही फरक पडत नाही. ही भिंत आहे. तिच्यावर डोकं आपटू नका, आणि नाकारलं गेलं म्हणून स्वतःला कमीही समजू नका.

कॅनडाची मायटॅक्स ग्लोबलिंक वेगळी आहे. १२ आठवड्यांची, आणि मुळात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी. दोन वर्षांची वेगळी एम.एस्सी. करणारा विद्यार्थी तिच्यात बसत नाही. शिवाय इंटर्नशिपनंतरही पदवीचं काही शिक्षण शिल्लक असावं लागतं. अर्ज सप्टेंबरच्या सुमारास बंद होतात आणि जायचं असतं पुढच्या उन्हाळ्यात. आता आपल्या तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर हे बसवून पाहा. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला अर्ज केला तर जायच्या वेळी पदवी संपलेली असते. म्हणजे अर्ज दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच करायला हवा. आपल्याकडे ‘इंटर्नशिप’ हा शब्दच बहुतेकांच्या कानावर तिसऱ्या वर्षी पडतो. ही पूर्ण भिंत नाही. दार आहे, पण आपण पोहोचेपर्यंत बंद झालेलं असतं.

जपानमधल्या ओकिनावा इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजीची इंटर्नशिप मात्र खऱ्या अर्थाने उघडी आहे. पदवी आणि पदव्युत्तर, दोन्ही विद्यार्थ्यांना अर्ज करता येतो, वर्षातून दोनदा. प्रवास, राहणं आणि रोजचा भत्ता संस्था देते. स्पर्धा प्रचंड आहे, पण कॉलेजच्या नावावरून कुणी दारातून परत पाठवत नाही. फ्रेंच दूतावासाच्या शार्पाक लॅब शिष्यवृत्तीसाठी आधी तिकडच्या लॅबचं पत्र लागतं. म्हणजे तिथे मेल चांगला लिहिता येण्याला खरी किंमत आहे.

कुठल्याही योजनेचं पान उघडलं की आधी चार गोष्टी शोधा. पदवी की पदव्युत्तर? संस्थांची यादी आहे का? परतल्यावर किती शिक्षण शिल्लक हवं? पैसे कोण देतं? ही चार उत्तरं मिळेपर्यंत सीव्हीला हात लावू नका. आणि योजना या वर्षी चालू आहे का, ते संस्थेच्या स्वतःच्या पानावर पाहा, फॉरवर्ड होऊन आलेल्या मेसेजवर नाही.

पैशाचा प्रश्न

आता त्या ज्युनिअरकडे परत येतो. तिच्या मेलमध्ये ‘मानधन नाही’ असं एका ओळीत लिहिलं होतं. त्या ओळीची किंमत आम्ही फोनवरच काढली.

जर्मनीत शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला महिन्याला किती लागतात, याचा आकडा तिथल्या सरकारनेच ठरवलाय: ९९२ युरो, वर्षाला ११,९०४. इंटर्नशिपचे नियम वेगळे असतील, पण जगण्याचा खर्च तोच. तीन महिन्यांचे २,९७६ युरो. एका युरोला १०० रुपये धरले तर जवळपास तीन लाख. त्यावर जाण्या-येण्याचं तिकीट, विमा, व्हिसाची फी, आणि बायोमेट्रिक्ससाठी मुंबईच्या खेपा. साडेतीन लाखांच्या खाली हे बसत नाही. घरचा वर्षभराचा कापूस एकीकडे आणि एका सीव्हीवरची एक ओळ दुसरीकडे.

सल्ला देणारे इथे म्हणतात, ‘ही गुंतवणूक समजा’. ज्याच्या घरी साडेतीन लाख बाजूला पडलेत, त्याने खुशाल समजावी. सोनं ठेवून जाणाऱ्यासाठी ते कर्ज असतं. आणि या कर्जावर पदवी मिळत नाही. सरकारी मदतही इथे नाही. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या राज्याच्या योजना परदेशात पूर्ण पदव्युत्तर पदवी किंवा पीएच.डी. करण्यासाठी आहेत, तीन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी नाहीत. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी मुलांसाठी तर हे अंतर आणखी मोठं. म्हणजे ‘सेल्फ फंडेड’ हा शब्द ऐकायला स्वावलंबी वाटतो, पण त्याचा अर्थ एवढाच की ज्यांना परवडतं तेच जाणार.

तिने मला इथे चांगलं अडवलं. म्हणाली, "दादा, इरावती कर्वेपण कर्ज काढूनच गेल्या होत्या ना?"

खरं आहे. इरावतीबाई बर्लिनला गेल्या, त्या जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जावर. सासऱ्यांचा, म्हणजे खुद्द महर्षी कर्व्यांचा, जाण्याला विरोध होता. म्हणून मी ‘कर्ज कधीच काढू नका’ असं म्हणत नाही. पण त्या कशासाठी गेल्या, तेही बघू. पीएच.डी.साठी. गाईड होते ऑयगेन फिशर, ज्यांच्या वंशविचाराचा पुढे नाझींना उपयोग झाला. कवटीच्या दोन बाजूंमधला फरक आणि वंश यांचा संबंध असावा, असं त्यांचं गृहीतक होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, आणि त्यांच्या आकड्यांतून तसा संबंध दिसला नाही. गाईडला हवं ते उत्तर त्यांनी दिलं नाही, मोजमापातून आलं ते दिलं. १९३० पर्यंत काम पूर्ण करून त्या परतल्या, आणि पुढची कित्येक दशकं त्यांनी इथे मानववंशशास्त्राचं काम केलं.

त्या कर्जाच्या बदल्यात काय आलं? पीएच.डी.चं प्रशिक्षण, स्वतःचा प्रश्न, स्वतःची मोजणी, आणि बर्लिनच्या प्रोफेसरसमोरही आकड्यांच्या बाजूने उभं राहायची ताकद. आता ज्युनिअरच्या मेलकडे बघा. त्यात काय काम करायचं, ते लिहिलेलंच नव्हतं. ‘लॅबच्या चालू कामात मदत’ एवढंच. मी तिला म्हटलं, कर्ज काढायचं की नाही हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न हा की तिथे जाऊन तू नेमकं काय मोजणार आहेस?

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माहीत नाही."

हाच या सगळ्या सल्ल्यावरचा माझा मुख्य आक्षेप आहे. ‘कसं जायचं’ यावर तो तासभर बोलतो. ‘कशासाठी’ यावर एक वाक्य नाही. इंटर्नशिप म्हणजे सीव्हीवरची ओळ, असं तो आधीच धरून चालतो. मग त्याच रस्त्याने पुढे ‘इंटरनॅशनल ऑनलाइन इंटर्नशिप, प्रमाणपत्रासह, मर्यादित जागा’ असे मेसेज येतात. आमच्या एका बॅचमेटने अशा ठिकाणी पैसे भरले. त्याला चार व्हिडिओ आणि एक रंगीत प्रमाणपत्र मिळालं, ज्यावर त्याचंच नाव चुकीचं होतं. ओळच हवी असेल तर ती विकणारे भेटणारच. एक नियम पक्का धरा: संशोधनाच्या इंटर्नशिपमध्ये काम करणाऱ्याने फी भरायची नसते.

लिहायचं तरी कशाबद्दल?

"पण आमच्याकडे लिहिण्यासारखं आहेच काय? कॉलेजात तर साधं पीसीआर मशीनही चालू नसतं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याला एका पक्ष्याच्या गोष्टीने उत्तर देतो.

रानपिंगळा हा घुबडाच्या जातीचा छोटा पक्षी. १८७३ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे फक्त सात नमुने होते, त्यातले बहुतेक खान्देशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसनने गोळा केलेले. १८८४ नंतर खात्रीची नोंद नाही. फक्त एक अपवाद: रिचर्ड मायनर्ट्झहागेन या इंग्रज संग्राहकाचा १९१४ चा, गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून सांगितलेला नमुना. लोक त्या पत्त्यावर भरवसा ठेवून शोधत राहिले. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. तो डेव्हिडसनच्या जुन्या नमुन्यांपैकीच चोरलेला, पुन्हा भरून नवं लेबल लावलेला निघाला. म्हणजे १९१४ चा पत्ता खोटा. मग खऱ्या पत्त्यांवर शोध सुरू झाला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं. नंदुरबार जिल्हा झाला तो पुढच्या वर्षी, १९९८ ला.

या गोष्टीतून मी दोन गोष्टी घेतो. पहिली, शोधाचं खरं काम झालं ते वाचनात. सात नमुने आणि त्यांची लेबलं कुणीतरी शंका घेऊन वाचली. दुसरी, ज्या जागेला आपण मागास म्हणतो तिथे जग प्रश्न घेऊन आलं, कारण उत्तर इथेच होतं. आपण मात्र इथे राहून ते प्रश्न पाहत नाही आणि तिकडे लिहितो की ‘मला आपल्या संशोधनात तीव्र रुची आहे’.

माझ्याच विषयातलं उदाहरण देतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच रावेर-यावल पट्ट्यात शेतकरी सीएमव्हीने, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणूने, हैराण आहेत. हा विषाणू मावा पसरवतो, आणि तो काकडीवर्गीय वेलींपासून तणांपर्यंत शेकडो वनस्पतींत राहू शकतो. आता समजा तुम्ही नात्यातल्या तीन बागा निवडल्या, लागवडीपासून दर आठवड्याला ठरलेल्या ओळींतली झाडं पाहिली, लक्षणं दिसलेली झाडं मोजली, बांधावर कोणते वेल आणि तण आहेत ते लिहून ठेवलं. वही, पेन, मोबाईलचा कॅमेरा. पीसीआर लागलं नाही. तीन महिन्यांनी तुमच्याकडे एक तक्ता असेल जो युरोपातल्या कुठल्याही लॅबकडे नाही.

मग मेल असा होतो: "तुमच्या अमुक पेपरमध्ये लागण शेताच्या कडेकडून आत सरकते असं दाखवलं आहे. मी जळगाव जिल्ह्यातल्या तीन केळीबागांमध्ये १२ आठवडे नोंदी ठेवल्या. दोन बागांत तसंच दिसलं, तिसरीत लागण मधूनच सुरू झाली. तिथली रोपं वेगळ्या ठिकाणाहून आली होती. रोपांतूनच विषाणू आला असेल, तर ते तपासायला तुमच्या लॅबची कोणती पद्धत योग्य ठरेल? तक्ता जोडला आहे. मी मे ते जुलै मोकळा आहे आणि अमुक शिष्यवृत्तीसाठी अर्ज करतोय, तिला यजमान लॅबचं पत्र लागतं."

हा नमुना म्हणून उचलू नका, कारण तो उचलताच येणार नाही. तुमच्याकडे तक्ता असेल तरच तो लिहिता येतो. असे मेल दोनशे जणांना जात नाहीत. सहा-सात जणांना जातात, कारण त्या प्रश्नावर काम करणारे तेवढेच असतात. जागा मिळेलच असं नाही. पण तक्त्याला उत्तर आलं तर त्यातून काहीतरी शिकायला मिळतं, आणि नाही आलं तरी तक्ता तुमच्याकडेच राहतो. माझ्या नव्वद मेलमधून माझ्याकडे काहीच राहिलं नाही.

कॉलेजच्या वाट्याचं काम

सगळी जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकणं हाही या सल्ल्याचा दोषच आहे. काही गोष्टी विद्यार्थी कितीही हुशार असला तरी त्याच्या हातात नसतात.

शिफारसपत्राचं घ्या. बऱ्याच परदेशी पोर्टलवर सरांचा संस्थेच्या डोमेनचा ईमेल लागतो, आणि पत्र सरांनी स्वतः अपलोड करायचं असतं. आपल्याकडे कित्येक सर जीमेल वापरतात, आणि पत्राचा मसुदा "तूच लिहून आण" म्हणून विद्यार्थ्याकडे येतो. तो मसुदा मग माझ्या पाच वाक्यांसारखाच होतो: मेहनती, प्रामाणिक, शिस्तप्रिय. कॉलेजने प्रत्येक प्राध्यापकाला संस्थेचा ईमेल देणं, इंग्रजी ट्रान्सक्रिप्ट पंधरा दिवसांत मिळेल अशी सोय करणं, उन्हाळ्यात बाहेर जाणाऱ्याच्या परीक्षेचं काय याचा लेखी नियम करणं, याला नवी इमारत लागत नाही.

नव्या धोरणामुळे आता राज्यातल्या एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात संशोधन पद्धतीचा ४ क्रेडिटचा विषय आणि ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट आलंय. केळीबागेच्या नोंदी यात सहज बसतात. पण तिथेही जवळच्या एखाद्या युनिटमधून शिक्का मारून आणलेलं प्रमाणपत्र चालवून घेतलं, तर आपण त्याच रंगीत प्रमाणपत्राच्या धंद्याला घरचंच दुकान उघडून दिलं असं होईल. सर-मॅडम ही पोस्ट वाचत असतील तर एक विनंती: बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादमी मिळून जी दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, ती विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांसाठीही आहे. तुम्हीही भरा. ज्या सरांनी स्वतः एखाद्या संशोधन लॅबमध्ये उन्हाळा काढलाय, त्यांचं शिफारसपत्र वेगळं असतं.

विद्यार्थ्यांसाठी तर ही फेलोशिप मी परदेशाच्या आधीची पायरी मानतो. मानधन मिळतं, भाषेची अडचण नाही, व्हिसा नाही. आणि तिथला गाईड तुम्हाला दोन महिने काम करताना पाहतो. पुढच्या वर्षी परदेशी लॅबला पत्र लिहायला तुमच्याकडे असा माणूस असतो ज्याला खरंच काही सांगता येतं.

तर मग निकाल काय?

परीक्षण म्हटलं की चांगलंही सांगायला हवं. या सल्ल्याने आपला एक मोठा गैरसमज दूर केला: परदेशी प्रोफेसरला थेट लिहिता येतं, मध्ये कुणाची ओळख लागत नाही. माझ्या आधीच्या पिढीला हेही माहीत नव्हतं. लवकर सुरुवात करा, नकाराने खचू नका, सीव्ही छोटा ठेवा, हेही बरोबरच. सीजीपीए स्वतःच्या मनाने चारच्या मोजपट्टीवर नेऊ नका, ‘१० पैकी ८.२’ असंच लिहा, हे मीही त्याच व्हिडिओंमधून शिकलो.

पण त्याचा गाभा, म्हणजे संख्या, आपल्या कामाचा नाही. तो ज्यांच्याकडे नाव आहे त्यांनी, ज्यांच्याकडे नाव आहे त्यांच्यासाठी लिहिलाय. आपल्याला आधी प्रश्न हवा, मग नोंदी, मग ओळखणारा गाईड, आणि शेवटी मेल. तो सल्ला सुरू होतो मेलपासून, म्हणून तो वाचून आपण नव्वद दारं ठोठावतो, आणि एखादं उघडलंच तर आत जाऊन काय करायचं ते माहीत नसतं.

ज्युनिअरने शेवटी काय केलं? तिने त्या लॅबला नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. तिने लिहिलं की या वर्षी स्वखर्चाने येणं शक्य नाही, पण तुमच्या चालू कामातल्या कोणत्या प्रश्नावर मी इथून तयारी करू शकते, म्हणजे पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीसह अर्ज करता येईल? उत्तर यायचंय. सोनं घरातच आहे. दर रविवारी ती शिरपूरजवळच्या मामांच्या शेतात जाते आणि मातीचे नमुने घेते. कशासाठी, ते तिला आता माहीत आहे. मला मात्र तिने अजून सांगितलेलं नाही. म्हणते, "दादा, आधी तक्ता होऊ दे."